शिक्का नसलेली पुस्तकं

माझे मामा मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी एकतीस वर्षं ग्रंथपाल आहेत. येत्या मार्चअखेर ते निवृत्त होतील. दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे गेले तेव्हा वाचनालयात निर्लेखनाचं काम चाललं होतं. फाटलेली, कसर लागलेली, वर्षानुवर्षं कोणी न नेलेली पुस्तकं दाखल नोंदवहीतून कमी करायची, त्यांची यादी कार्यकारी मंडळापुढे ठेवायची आणि मंजुरी मिळाली की रद्दीवाल्याला निरोप द्यायचा. तीन टेबलं भरून पुस्तकं काढलेली होती. त्यातलं एक अख्खं टेबल कवितांचं होतं.

मी ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते. ते टेबल बघून मला राहवेना. त्या दुपारी आमचं जे बोलणं झालं ते आठवेल तसं इथे मांडते आहे. मामांची बाजू शक्यतो त्यांच्याच शब्दांत ठेवली आहे. ती खोडून काढणं मला वाटलं होतं त्याहून फार जड गेलं, आणि एकदोन ठिकाणी तर ती खोडता आलीच नाही.

"मामा, ही तर कोरी करकरीत पुस्तकं आहेत. ही कशाला काढली?"

"कोरी आहेत म्हणूनच काढली." त्यांनी एक संग्रह उचलून शेवटचं पान उघडलं. "हे तारीखपत्रक बघ. २००७ साली दाखल झालं, आजपर्यंत एक शिक्का नाही. हे दुसरं. यावरही नाही. 'मृत्युंजय'ची बांधणी मी तीनदा करून घेतली आहे. हे मात्र जसं आलं तसंच आहे. वर अभ्यासिकेत चाळीस पोरं स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात, त्यांच्या पुस्तकांना कपाट नाही. मला दोन कपाटं मोकळी करायची आहेत. कोणती करू, तूच सांग."

"पण पुस्तक चांगलं असून कोणी नेत नसेल, तर त्यात पुस्तकाचा काय दोष?"

"दोष कोणाचाच नाही. जागा कोणाला द्यायची, एवढाच प्रश्न आहे."

टेबलावर चौसष्ट संग्रह होते. मी एकेक उचलून बघू लागले. मामा समोर बसून यादी लिहीत होते. थोड्या वेळानं त्यांनी पेन खाली ठेवलं.

"हे बघ, जागेचं कारण मी मंडळाला सांगीन. तुला खरं सांगतो. तुझ्या आजीला अक्षर येत नव्हतं. पहाटे जात्यावर बसली की एकामागून एक ओव्या सुरू व्हायच्या. भावाच्या, सासरच्या, विठोबाच्या, पावसाच्या. आम्ही पोरं गोधडीत पडून ऐकायचो. कविता म्हणजे काय ते मला तिथं कळलं. कविता तोंडात असते. ज्ञानोबा-तुकोबा या गावात तोंडात आहेत. लावणी तोंडात आहे. या टेबलावरच्या चौसष्ट पुस्तकांतली एक तरी ओळ या गावात कोणाच्या तोंडात आहे का? तू मराठीची मास्तरीण. तुला स्वतःला यातल्या किती पाठ आहेत?"

मला फार थोड्या पाठ होत्या आणि मी तसं कबूल केलं. मग विचारलं, "मामा, आजीच्या ओव्या आता कुठे आहेत?"

ते लगेच काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तिच्याबरोबर गेल्या. मला पाचसहा येतात. तुझ्या आईला थोड्या जास्त येत असतील."

"बहिणाबाई चौधरींनाही लिहिता-वाचता येत नव्हतं. १९५१ च्या डिसेंबरात त्या गेल्या. त्यांची गाणी त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, आणि घरातल्या माणसांनी कागदावर उतरवून ठेवली होती, आचार्य अत्र्यांनी ती बघितली आणि १९५२ मध्ये पुस्तक निघालं. ते निघालं नसतं तर जळगावच्या त्या एका घराबाहेर त्यांचं नाव कोणाला कळलं असतं? हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करवून घेतल्या. आपल्या गावात कोणी आलं नाही, म्हणून आजीच्या ओव्या गेल्या. तोंडातली कविता माणसाबरोबर जाते, मामा. तिला वही लागते."

"लागते. ते मान्य." त्यांनी मान हलवली. "पण बहिणाबाईंचं पुस्तक निघालं आणि ते परत लोकांच्या तोंडात गेलं. वहीतून निघालं, गळ्यात उतरलं. तुझे हे कवी वहीतून निघून वहीतच राहिलेत. त्याचं कारण मला विचारशील तर या लोकांनी छंद सोडला. ओळ वाटेल तिथे तोडायची आणि तिला कविता म्हणायचं. गद्य लक्षात राहत नाही, हे काय माझं मत नाही, माणसाच्या स्मरणाचा तसा गुणच आहे."

हा आक्षेप मी वर्गातही ऐकते आणि त्यात तथ्य आहे असं मला मनापासून वाटतं. पाठ होणं हा कवितेचा लहान गुण नाही. पण छंद कोणी लहरीनं सोडला असं मात्र मला वाटत नाही.

"आजीच्या ओवीला लय जात्यानं दिली होती," मी म्हटलं. "हाताचा फेरा पुरा झाला की ओळ पुरी. आता जातं नाही. तिच्यासारख्या बाईची नात गिरणीच्या रांगेत उभी असते, एस.टी.ला लोंबकळत कामावर जाते, कांद्याच्या चाळीत मजुरी करते. तिच्या दिवसाला एक लय नाही. तिची ओळ मध्येच तुटणार, कारण तिचा दिवसच मध्ये तुटतो. कवी अनिलांनी १९४० मध्ये 'भग्नमूर्ती' लिहून मुक्तछंदासाठी भांडण मांडलं, त्याला आता पाऊणशेच्या वर वर्षं झाली. आणि मुक्तछंद लोकांपर्यंत जात नाही असंही नाही. तुम्ही नारायण सुर्व्यांना ऐकलंय ना?"

"परभणीला. १९९५ चं साहित्य संमेलन. सुर्वे अध्यक्ष होते." मामांचा आवाज बदलला. "सायकल, बस, पुन्हा बस असं करून गेलो होतो. सगळा मांडव त्यांच्या आवाजाबरोबर होता. शेजारी एक हमाल बसला होता, डोक्याला फडकं तसंच. तो मध्येच म्हणाला, 'हे आपलं हाये.'"

"ते छंदात होतं?"

"नव्हतं." मामा थांबले. "पण ते बोलणं होतं. माणूस समोर उभा राहून दुसऱ्या माणसाशी बोलत होता. सुर्व्यांना गिरणी कामगारानं रस्त्यावरून उचलून वाढवलं, ते स्वतः गिरणीत राबले. 'माझे विद्यापीठ' हे पुस्तक मी काढलेलं नाही बरं, ते कपाटातच आहे. नंतरच्यांचं मला असं काही ऐकू येत नाही."

मी टेबलावरून 'गोलपिठा' उचललं. ते या टेबलावर बघून मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं होतं.

"हे घ्या. १९७२. नामदेव ढसाळ मुंबईत टॅक्सी चालवायचे. कामाठीपुऱ्याच्या बाजूचा तो गोलपिठा, तिथली माणसं, तिथली भाषा त्यांनी जशीच्या तशी कवितेत आणली. विजय तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिली आहे. त्याआधी ते ढसाळांबरोबर तो भाग हिंडले आणि कितीतरी शब्दांचे अर्थ त्यांना विचारून घ्यावे लागले. तेंडुलकर म्हणजे मुंबईत राहणारा, आयुष्यभर मराठीत लिहिणारा माणूस, आणि त्याच शहरातल्या वस्तीचे शब्द त्यांना माहीत नव्हते! त्या वस्तीत हजारो माणसं मराठी बोलत होती. छापील मराठीला ती दिसत नव्हती. ढसाळांच्या आधी ती कवितेच्या कुठल्या पुस्तकात होती, सांगा बरं?"

"मी वाचलंय ते," मामा म्हणाले. "दोनदा प्रयत्न केला. अंगावर येतं. शिव्या आहेत, घाण आहे. इथे वाचनालयात शाळेच्या मुली येतात."

"वर्तमानपत्रात रोज बलात्काराच्या बातम्या येतात, त्याही त्या मुली वाचतात. बातमी एका दिवसात रद्दी होते म्हणून आपण तिला घाबरत नाही. ढसाळांची घाण अंगावर येते, कारण ती जाणारी नाही. मामा, कवितेला काही किंमत नसती तर मर्ढेकरांच्या 'काही कविता'वर अश्लीलतेचा खटला झाला नसता. वसंत दत्तात्रेय गुर्जरांच्या 'गांधी मला भेटला' या कवितेचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, २०१५ मध्ये त्यावर निकाल आला."

"म्हणजे कवितेची किंमत आता पोलिसांनी ठरवायची का?" मामांनी शांतपणे विचारलं. "एखाद्या गोष्टीवर खटला झाला म्हणून ती मोठी होत नाही. सिनेमाच्या पोस्टरवरही खटले होतात."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. खटल्याचा दाखला आपण कवितेचे लोक फार सहज देतो. तो मी आता देणार नाही. मर्ढेकर खटल्यातून निर्दोष सुटले, ती त्यांच्या आयुष्यातली गोष्ट झाली. त्यांची कविता वाचायची ती खटल्यासाठी नव्हे.

चहा आला. मामांनी पुढचा संग्रह माझ्या हातातून घेतला आणि त्याचं नाव मोठ्यानं वाचलं, "'सिझर कर म्हणतेय माती'." मग परत एकदा, सावकाश वाचलं. "हे कोणाचं?"

"कल्पना दुधाळ. दौंड तालुक्यातल्या. स्वतः शेती करतात."

"मातीला सिझर." मामांनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. त्यांची स्वतःची चार एकर कोरडवाहू आहे. "हे नाव मात्र खरं आहे. खत घाल, औषध घाल, बोअर घे. आपोआप काही येतच नाही आता. दवाखान्यात नेल्यासारखंच करावं लागतं सगळं. बाईलाच सुचेल हे."

"बघा. तुम्ही एका ओळीवरून एवढं बोललात. कृषी खात्याच्या कोणत्या पत्रकावरून बोलला असता?"

"पत्रकाला नावं ठेवू नकोस. २०१४ च्या गारपिटीत पत्रकावरच पैसे मिळाले. तलाठी आला, पंचनामा झाला. बाधित क्षेत्र शून्य पूर्णांक ऐंशी हेक्टर. त्याच कागदावर अनुदान आलं. कवितेवर आलं नसतं."

"नसतं आलं. पण त्या फेब्रुवारी-मार्चात तुम्ही आठआठ दिवस कोणाशी बोलत नव्हता, मामी सांगायची. ते पंचनाम्यात कुठल्या रकान्यात आहे?"

मामा खिडकीकडे बघत राहिले. मला वाटलं मी जास्त बोलले. माणसाच्या दुःखाचा आपल्या वादासाठी असा उपयोग करू नये, हे मला तेव्हाच जाणवलं. पण तेच बोलले.

"त्या दिवसांत मला बोलायला काही सापडत नव्हतं हे खरं. हरभरा सोंगायला आला होता. गारा पडल्या अर्धा तास. नंतर शेतात गेलो तर सगळं पांढरं, आणि वास हिरव्या हरभऱ्याचा. भाजीचा येतो तसा. तो वास मी कोणाला सांगितला नाही. काय सांगणार? नुकसान विचारायचे लोक, वास कोण विचारतो?"

मला त्या दुपारी जे म्हणायचं होतं ते मामांनीच म्हटलं. मी तेवढंच बोलले: "मामा, कविता वास विचारते."

शेतावरची कविता मराठीत भरपूर आहे, आणि बरीचशी नुसती हिरवी आहे. म्हणून निवड करूनच वाचायला हवी. ना. धों. महानोरांच्या १९६७ च्या 'रानातल्या कविता' मी मुलांना आधी देते. पळसखेडच्या त्या शेतकऱ्यानं रानाला लय परत दिली, आणि मामांची तोंडातल्या कवितेची अट ती कविता पुरी करते. त्यानंतर श्रीकांत देशमुखांचा 'बोलावे ते आम्ही', ज्याला २०१७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आणि मग दुधाळ. या तिघांत शेत तेच आहे पण माणूस बदलत जातो. महानोरांच्या शेतात गाणं आहे. दुधाळांच्या शेतात शेण काढून, स्वयंपाक उरकून आलेली बाई आहे. गाण्याला तिच्याकडे वेळ कमी आहे आणि सांगण्यासारखं पुष्कळ आहे.

मामांनी यादीतलं दुधाळांच्या पुस्तकाचं नाव खोडलं. तरी त्यांचा मूळ मुद्दा सुटलेला नव्हता. "एक ठेवलं. पण हे आता नेणार कोण? तू सुट्टी संपली की जाशील."

मी पुढचं पुस्तक उघडलं आणि तारीखपत्रक बघून थांबले. अनुराधा पाटील यांचा 'वाळूच्या पात्रात मांडलेला खेळ'. पानावर सात शिक्के होते, आठ वर्षांत पसरलेले. सातही शिक्क्यांपुढे सभासद क्रमांक एकच.

"मामा, हे यादीत कसं?"

त्यांनी चष्मा लावून पान जवळ धरलं. "संगणकावरच्या अहवालात वाचकसंख्या एक दाखवली. म्हणून आलं असेल." मग त्यांनी क्रमांक ओळखला. एकतीस वर्षांत त्यांना सगळे क्रमांक पाठ आहेत. "अंगणवाडीतल्या बाई आहेत. नवरा लवकर गेला. दर पंधरवड्याला येतात, कादंबरी नेतात. हे सात वेळा नेलं? माझ्या लक्षात कसं आलं नाही?"

"कादंबरी लोक एकदा नेतात आणि वाचून परत करतात. अशी सात वेळा नेलेली एखादी कादंबरी तुमच्याकडे आहे का? एकाच माणसानं?"

मामांनी बराच विचार केला. "नाही. एकाच माणसानं नाही."

"तुमचा अहवाल डोकी मोजतो. एकच माणूस परत परत आला ते त्याला मोजता येत नाही. कवितेचा वाचक डोक्यांनी मोजला की तो शून्यच दिसणार. ती वाचून संपत नाही, म्हणून तिच्याकडे परत यावं लागतं. त्या बाईंना या पुस्तकात काहीतरी सापडलं आहे आणि ते संपलेलं नाही. अनुराधाबाईंच्या कवितेत बाई ओरडत नाही, रडून दाखवत नाही. घर, उंबरा, वाट बघणं, सोडून गेलेली माणसं, एवढ्यावर ती उभी असते. त्यांच्या 'कदाचित अजूनही'ला २०१९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तो संग्रह तुमच्याकडे आहे?"

"नाही. मागवतो." त्यांनी हातावरच लिहून घेतलं. मग पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. "पण माझी अट तशीच आहे. कविता कानाला ऐकू आली पाहिजे. वाच यातली एक. मोठ्यानं."

मी वाचली. लहानच होती. यमक नव्हतं. पहिल्यांदा मी फार भरभर वाचली, वर्गात वाचते तशी. मामा म्हणाले, "ओळ जिथे तोडली आहे तिथे थांब. तोडली असेल तर काहीतरी असेल ना त्याला." मी दुसऱ्यांदा वाचली, थांबत. तेव्हा जिना उतरून आलेला एक मुलगा पाण्याच्या माठापाशी ग्लास हातात धरून उभा राहिला होता.

मामा म्हणाले, "हं. यात लय आहे. श्वासाची आहे."

माझ्या मते त्या दुपारची सगळ्यात मोलाची गोष्ट ही. मी सोळा वर्षं कविता शिकवते, तिचा आशय सांगते, प्रतिमा समजावते. मुक्तछंदातली ओळ जिथे तुटते तिथे थांबून वाचायचं, हे एका निवृत्तीला आलेल्या ग्रंथपालानं मला सांगितलं, आणि तेही मुक्तछंद न मानणाऱ्यानं. आपल्याकडे नव्या कवितेचा वाचक कमी झाला याला कवींइतकेच आम्ही शिक्षक जबाबदार आहोत. आम्ही ती डोळ्यांनी वाचायला शिकवली.

"आता हे जाडं काढ," मामा म्हणाले. "ग्रंथालय संचालनालयाच्या यादीतून आलेलं. कोणी हातच लावला नाही."

ते 'भिजकी वही' होतं. अरुण कोलटकर २००४ मध्ये गेले. त्याच्या आदल्या वर्षी प्रास प्रकाशनानं हा संग्रह काढला आणि कवीच्या मृत्यूनंतर, २००५ साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. गेल्या पंचवीस वर्षांतलं एकच मराठी कवितेचं पुस्तक ठेवायचं म्हटलं तर मी हे ठेवीन. तसं मी मामांना सांगितलं.

"कारण?"

"नाव वाचल्यावर तुम्हाला काय आठवतं?"

"इंद्रायणी. तुकोबांच्या वह्या."

"त्या वह्या पाण्यानं भिजल्या. ही बायकांच्या डोळ्यांतल्या पाण्यानं भिजली आहे. अलेक्झांड्रियात जमावानं मारलेली हिपेशिया आहे, ट्रॉयची कॅसान्ड्रा आहे, तमिळ महाकाव्यातली कण्णगी आहे. देश कुठला, काळ कुठला, काही बंधन नाही. मुंबईत बसून एका मराठी माणसानं जगातल्या रडणाऱ्या बायकांची वही लिहिली, आणि भाषा इतकी साधी ठेवली की आपल्या मामीला वाचून दाखवावी. हिच्यात नादेझ्दा मांदेलश्तामही आहे. तिची गोष्ट माहीत आहे तुम्हाला?"

मामांना माहीत नव्हती. मी सांगितली. ओसिप मांदेलश्ताम या रशियन कवीनं १९३३ साली स्तालिनवर एक लहानशी कविता केली. कागदावर ठेवली नाही, फक्त ओळखीच्या काही माणसांना म्हणून दाखवली. तेवढ्यावर १९३४ मध्ये त्याला अटक झाली. पुढे पुन्हा पकडलं आणि १९३८ च्या डिसेंबरात तो व्लादिवोस्तोकजवळच्या छावणीत मेला. घरात कागद ठेवणं धोक्याचं, म्हणून त्याची बायको नादेझ्दा त्याच्या कविता पाठ करून बसली. गावं बदलत, नोकऱ्या बदलत ती वर्षानुवर्षं त्या स्वतःशी म्हणत राहिली. छापता येण्याची वेळ येईपर्यंत कित्येक कवितांना तिच्या डोक्याचाच आसरा होता.

मामा एकदम म्हणाले, "म्हणजे तुझ्या आजीसारखंच."

"आजीसारखंच. फक्त तिला वही मिळाली."

यानंतर आमचं भांडण राहिलं नाही, काम सुरू झालं. ते सोपं नव्हतं. मामांचं एक म्हणणं मी पूर्ण मान्य केलं: टेबलावरचे निम्म्याहून जास्त संग्रह खरंच ठेवण्यासारखे नव्हते. कवीनं पदरचे पैसे घालून काढलेले, प्रकाशन समारंभात वाटलेले, पहिल्या पानावर 'सप्रेम भेट' लिहून वाचनालयाला दिलेले. त्यामागे माणसाची हौस असते, कष्टाचे पैसे असतात, ते मला कळतं. पण कविता वाईट असेल तर ती ठेवल्यानं चांगल्या कवितेचा वाचक जातो. पहिलाच संग्रह असा हाती लागला की माणूस परत त्या कपाटाकडे वळत नाही. मामांनी विचारलं, वाईट कशावरून ठरवायची? मी म्हटलं, जी कविता वाचून माझं आधीचंच मत जसंच्या तसं मला परत मिळतं, ती. आई थोर, शेतकरी राजा, पाऊस सुंदर. मोबाइलवर सकाळी येणाऱ्या बहुतेक कविता अशाच असतात आणि त्यातल्या कित्येकांखाली कुसुमाग्रजांचं नाव उगाच लावलेलं असतं. अशा बेचाळीस पुस्तकांवर मी स्वतः हातानं यादीची खूण केली.

बाकीची ठेवली. त्यात वाहरू सोनवणे यांचं 'गोधड' होतं. शहाद्याकडच्या भिल्ल समाजातला, श्रमिक संघटनेत काम केलेला हा कार्यकर्ता-कवी. वीरा राठोड यांचं 'सेन सायी वेस' होतं, ज्याचं नावच बंजारा प्रार्थनेतलं आहे आणि ज्याला २०१५ चा साहित्य अकादमी युवा पुरस्कार मिळाला. मामा म्हणाले, गावाशेजारी तीन तांडे आहेत, तिथली मुलं अभ्यासिकेत येतात, आणि हे पुस्तक इथे आहे हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. अरुण काळे यांचं 'नंतर आलेले लोक' होतं. जागतिकीकरणानं बाजार उघडला तेव्हा ज्यांच्या हाती शिक्षण आणि संधी नुकतीच येऊ लागली होती, त्यांच्या वाट्याला काय आलं, हे नाशिकच्या या आंबेडकरी कवीइतकं नेमकं मी कुठल्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात वाचलेलं नाही.

माठापाशी उभा असलेला तो मुलगा एव्हाना टेबलाशी आला होता. चार वर्षं परीक्षा देतो आहे, मामांनी नंतर सांगितलं. त्यानं कवी सुशीलकुमार शिंदे यांचं 'शहर आत्महत्या करायचं म्हणतंय' हातात घेतलं होतं. "हे नेऊ का, सर?"

मामांनी पुस्तक घेतलं, यादीतली ओळ खोडली, शाईच्या पॅडवर शिक्का टेकवला आणि त्या कोऱ्या पानावर पहिली तारीख उमटवली. मुलानं विचारलं, परीक्षेच्या तारखेमुळे पंधरा दिवसांत परत आणता नाही आलं तर? मामा म्हणाले, "मुदत वाढवून घे. पाहिजे तेवढ्या वेळा."

बाकीचे एकवीस संग्रह परत कपाटात गेले, आणि कपाट मागच्या भिंतीवरून उचलून देवघेवीच्या खिडकीशेजारी आलं. मामांनी एक अट घातली ती मी इथे लिहून ठेवते, म्हणजे त्यांना मोडता येणार नाही: दर शनिवारी संध्याकाळी साडेपाचला, वाचनालय बंद करण्याआधी, त्या कपाटातली एक कविता दोनदा मोठ्यानं वाचायची. त्यावर बोलायचं नाही, फक्त वाचायची. पहिल्या शनिवारी सात माणसं थांबली. त्यात अंगणवाडीच्या बाई होत्या.

निर्लेखनाची यादी तुमच्या गावच्या वाचनालयातही निघत असेल. मंडळाची बैठक होण्याआधी एकदा जा, कवितांचं टेबल कुठे आहे ते विचारा, आणि एक पुस्तक आपल्या कार्डावर घरी न्या.